धुकं म्हटलं की

हॅलिफॅक्सच्या विमानतळावर सेंट जॉन्सचं विमान रद्द झाल्याचं सांगितलं, कारण दिलं धुकं, आणि रांगेतली निम्मी माणसं मान डोलावून बाजूला झाली. ती सगळी आमच्याकडची, न्यूफाउंडलंड बेटावरची. धुक्यासाठी आमच्याकडे बोटी थांबल्या, लग्नं थांबली, डॉक्टर थांबले. धुकं म्हटलं की आमची माणसं वाद घालत नाहीत.

मीही घातला नसता. पण उद्या दुपारी बाबांचा दफनविधी होता. आमच्या गावात शवपेटीचं झाकण परक्याने लावायचं नसतं. डोक्याकडचे स्क्रू मुलांनी फिरवायचे, ज्याने त्याने आपला. एक माझ्या भावाचा, सिरिलचा. एक माझा. तीन गावांना मिळून फादर एकच, ते उद्याच पुढच्या गावी निघणार, म्हणजे विधी पुढे ढकलता येणार नव्हता.

काउंटरवरच्या मुलीने, ओरियान तिचं नाव, पुढची जागा परवा सकाळी असल्याचं सांगितलं आणि जेवणाची कुपनं पुढे केली. मी बाजूला जाऊन सिरिलला फोन लावला. तिकडे धुकं किती आहे, विचारलं.

"कसलं धुकं? हिल्डाकाकूच्या चादरी दोरीवर वाळतायत. तू आहेस कुठे?"

फोन ठेवून खिडकीपाशी गेले, परत आले, पुन्हा गेले. कॅल्गरीहून निघाल्यापासून सांत्वनाचे मेसेज उघडवत नव्हते, म्हणून प्रवाशांच्या हक्कांबद्दल मिळेल ते वाचत आले होते. हवामानामुळे विमान रद्द झालं तर मोठ्या कंपनीला दोन दिवसांची मुभा असते. वैमानिक नाही, माणसं नाहीत, असलं घरचं कारण असेल तर मात्र नऊ तासांच्या आत निघणारं विमान द्यावं लागतं. स्वतःचं नसेल तर दुसऱ्या कंपनीचं.

परत रांगेत उभी राहिले. पुढे एक म्हातारा टोपी हातात घेऊन फोनशी खटपट करत होता. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं आणि आमच्याकडे विचारतात तेच विचारलं.

"कुणाची गं तू?"

"अँब्रोज कीओची."

बातमी कळली होती, तो म्हणाला. त्याचं नाव लिअँडर पडिस्टर, आमच्याच किनाऱ्यावरचा. फोनवर पैसे परत घेण्याचं बटण आलं होतं आणि त्याचं बोट त्याच्यावरच होतं. मी त्याचा हात धरला. पैसे घेतले की जागेवरचा हक्क गेला, हे सांगितलं, आणि मी काय मागणार आहे तेही.

"अँब्रोज तर दुकानात मापात मारलं तरी थँक यू म्हणून यायचा. तू कुणावर गेलीस?"

ओरियान म्हणाली, सिस्टिममध्ये धुकंच लिहिलंय. समोरच्या दरवाज्यातून दुसऱ्या कंपनीचे प्रवासी सेंट जॉन्सच्याच विमानात चढत होते. मी तिकडे बोट दाखवलं. त्यांच्यासाठी वेगळं आकाश आहे का, असं विचारलं.

"धुकं आमचं आहे, बाई," लिअँडर शेजारून म्हणाला. "उसनं नेताना विचारायचं तरी."

ती हसली नाही. मी रद्द झाल्याचं खरं कारण लिहून मागितलं. आवाज चढवला नाही, पण काउंटरवरून हललेही नाही. तिने आत फोन केला, पाठ वळवून बराच वेळ बोलली. वळली तेव्हा हळूच म्हणाली, "वैमानिकाचे ड्युटीचे तास भरलेत. धुकं नाहीये."

त्या दुसऱ्या कंपनीच्या संध्याकाळच्या विमानात तिने आम्हाला जागा काढून दिल्या. दोघांनाही.

मी जिंकले होते. आणि सेंट जॉन्सवर पोचलो तेव्हा खाली काहीच नव्हतं. दिवे नाहीत, समुद्र नाही, नुसता कापूस. वैमानिकाने दोन घिरट्या घालून पाहिल्या आणि विमान बेटाच्या आतल्या भागात, गँडरला नेलं. बस सकाळी मिळाली तर मिळेल, असं तिथल्या माणसाने सांगितलं. धुकं, तो म्हणाला. मी मान डोलावली.

"आता नाही भांडणार?" लिअँडरने विचारलं.

"हे खरं आहे."

"मग चल."

त्याची भाची मार्सेला गँडरलाच राहायची. तिने पिकअप काढली. रस्त्यावर मूस, घोड्याएवढी हरणं, उभी असतात म्हणून ती हळू चालवत होती, आणि मी पाय दाबून बसले होते, जणू ॲक्सिलरेटर माझ्याच पायाखाली होता. लिअँडर झोपला. मी सिरिलला एकच वाक्य पुन्हा पुन्हा पाठवत राहिले. झाकण लावू नका. शेवटी त्याने लिहिलं, कुणी लावत नाहीये, बर्नी.

दुपारी घरी बैठकीच्या खोलीत पेटीभोवती सगळे उभे होते. बाबांना इस्टरचा कोट घातला होता. सिरिलने झाकण ठेवलं, आपला स्क्रू फिरवला आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला.

मी अर्धा फिरवला आणि थांबले.

बाहेर फादरची गाडी सुरूच होती. त्यांनी एकदा घड्याळ पाहिलं. खिडकीबाहेर धुकं पांगत चाललं होतं, हिल्डाकाकूची दोरी दिसायला लागली होती. आता उशीर कोणामुळे होतोय, हे सगळ्यांनाच दिसत होतं. सिरिलने मान डोलावली, धुकं म्हटल्यावर डोलावतात तशी.