एकुलता तुकडा

"जुनी प्रत काल पुसलीत? कालचाच मुहूर्त सापडला तुम्हाला?" मी ओरडले तेव्हा शिळोबा टेबलाखाली वाकून कुठलीशी वायर चाचपत होते.

"दर महिन्याला सगळ्यात जुनी पुसतोच की. जागा लागते," ते खालूनच म्हणाले.

शिळोबा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. रुग्णालयातल्या सगळ्या संगणकांच्या प्रती जपून ठेवायच्या, ही त्यांची नोकरी. ताज्या कामाशी देणंघेणं नाही, सगळा कारभार कालच्या-परवाच्या शिळ्याचा, म्हणून कुणीतरी थट्टेनं शिळोबा म्हणालं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. काम असं, की नीट झालं तर कुणाला पत्ताही लागत नाही. बढतीच्या वेळी साहेबांना यांचा चेहरा कधी आठवला नाही. मी तरी कुठे लक्ष देत होते, खोटं कशाला बोलू!

पण त्या सकाळी माझा जीव टांगणीला लागला होता. मी आवाज विभागात आहे. घशाच्या ऑपरेशननंतर ज्यांचा आवाज कायमचा जाणार, त्यांची रोजच्या बोलण्यातली वाक्यं आम्ही आधीच रेकॉर्ड करून घेतो आणि नंतर एका छोट्या यंत्रात भरून देतो. बटण दाबलं की यंत्र त्यांच्याच आवाजात बोलतं. बाहेर बाकावर एक प्लंबर आणि त्याची बायको बसली होती. तिचं यंत्र आज मिळायचं होतं, आणि नेमका आजच आमचा संगणक गेला. आमचा म्हणजे माझ्या टेबलावरचा डबा नव्हे. तळघरातल्या एका मोठ्या यंत्राच्या पोटात असे बरेच संगणक नांदतात, नुसत्या फायलींच्या रूपात. त्या यंत्राच्या डिस्कनं मान टाकली होती.

"अहो, तुम्हीच म्हणता ना, रोज बदललेलं तेवढंच उचलतो?" मी म्हणाले. "मग त्या बाईंचा आवाज रेकॉर्ड झाला त्याच दिवशी उचलला. पुढे त्यात बदल झालाच नाही, म्हणजे पुन्हा कधी उचललाच नाही. आणि नेमकी त्या दिवसाची प्रत तुम्ही काल पुसलीत! आता तिला काय सांगू? पुन्हा बोला म्हणू?"

शिळोबा उठले, गुडघे झटकले आणि चक्क हसले. मला असा राग आला म्हणून सांगू!

"वरच्या मजल्यावरचा एक भाडेकरू सोडून गेला, तर मालक जिना पाडतो का?"

"कोड्यात बोलू नका हो."

"बरं. रोजची प्रत म्हणजे गाठोडं नव्हे. संगणकाचे मी बारीक तुकडे करतो आणि प्रत्येक तुकडा कोठारात एकदाच ठेवतो. तसाच तुकडा उद्या आला, नाहीतर दुसऱ्याच संगणकातून आला, तरी दुसरा ठेवत नाही. रोजची प्रत म्हणजे फक्त यादी. कुठले तुकडे कसे जोडायचे, त्याची अख्खी यादी. काल मी एक यादी फाडली. त्या बाईंचे तुकडे नंतरच्या प्रत्येक यादीत आहेत. एक जरी यादी त्यांचं नाव घेत असेल, तर त्यांना कुणी हात लावत नाही."

हुश्श! मी खुर्चीत धपकन बसले. पण शिळोबांचं हसू मावळलं होतं.

"आता काय झालं?"

"तुकडा एकुलता असतो ना, ताई. तोच किडला असेल, तर सगळ्याच याद्यांना किडका मिळणार. मी तपासून घेतो अधूनमधून. पण ह्या वेळची तपासणी व्हायची आहे अजून."

त्यांनी कालची प्रत दुसऱ्या यंत्रावर उभी करायला घेतली. पडद्यावरची पट्टी सरकता सरकेना. शिळोबा नखं खात होते. मध्येच म्हणाले, "माझ्या आईचा आवाज कुणी ठेवला नाही. सुचलंच नाही कुणाला." मी त्यांच्याकडे पाण्याचा पेला सरकवला.

पट्टी भरली. शिळोबांनी पडद्यावरची प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली. मग मोठ्यानं श्वास सोडला. "सगळे तुकडे शाबूत आहेत. उघडा तुमचं दुकान."

आमचा संगणक काल संध्याकाळी होता तसाच्या तसा उघडला. त्या बाईंची वाक्यं जागच्या जागी होती! मला रडू आलं, आणि ते लपवायचं मी काही मनावर घेतलं नाही.

यंत्र भरून दोघांना आत बोलावलं. बाई बटणांकडे बघत राहिल्या. गळ्यावरचा रुमाल सारखा करून त्यांनी एक बटण दाबलं.

"आधी हात धुवा!" यंत्र ठसक्यात म्हणालं.

प्लंबर ताडकन उठला. हात स्वच्छच होते त्याचे. तरी कोपऱ्यातल्या बेसिनपाशी जाऊन त्यानं नळ सोडला आणि आमच्याकडे पाठ करून हात धुऊ लागला. साबण लावला, धुतला, पुन्हा लावला. बाईंनी दुसरं बटण दाबलं नाही.

शिळोबांनी खुंटीवरचा टॉवेल काढला आणि त्याला हाक न मारता, टॉवेल हातात धरून त्याच्यामागे उभे राहिले.