रविवारी पाहिलेली वाट

आमच्या जावा बेटावर कोणी कोणाला तोंडावर नाही म्हणत नाही. पाहुण्याला तिसरा चहा नको असतो, तरी तो पितो. शेजाऱ्याने शिडी मागितली, तर आपलं छप्पर गळत असलं तरी आपण ती देतो. आणि साहेबाने कागद पुढे सरकवला की सही करतो. याला आम्ही सभ्यता म्हणतो आणि बाहेरचे लोक कौतुक करतात, म्हणून आमची मान आणखी वाकते. तुमच्याकडे भीड ही भिकेची बहीण असं म्हणतात. आमच्याकडे ती घरातली थोरली मुलगी आहे, तिला विचारल्याशिवाय पान हलत नाही.

बू नुरहास्ती, आमच्यात बू म्हणजे बाई, या भिडेच्या पोटीच जन्माला आलेल्या. नगरपालिकेच्या रस्ते खात्यात एकोणतीस वर्षं झाली होती, निवृत्तीला दोन राहिली होती. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. दोन्ही गुडघे सुजलेले, आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीवर त्या मनात एक दिवस वजा करायच्या. भांडायचं नाही, अडवायचं नाही, शांतपणे सुटायचं, एवढंच त्यांना हवं होतं. दमलेल्या माणसाला दुसरं काय हवं असतं?

त्या महिन्यात त्यांच्या टेबलावर एक जाड फाइल येऊन बसली. शहराच्या पायवाटांची आणि सायकलवाटांची. नदीकाठ, कालव्याचे बांध, जुन्या साखर कारखान्यामागची बोळं, वस्त्यांमधल्या गल्ल्या, असं सगळं जोडून तेवीस किलोमीटरचं जाळं नऊ वर्षांत तयार झालं होतं. नकाशावर ती एक सलग हिरवी रेघ दिसायची. पाहणी अधिकारी म्हणून नुरहास्तींनी 'वाट सलग आहे' असं लिहून सही केली की काम पूर्ण. सोमवारी महापौर फीत कापणार होते, फलकही लागले होते. कारखान्याजवळच्या ओढ्यावर एक छोटा पूल आराखड्यात उरला होता, तो मात्र या सहीबरोबर कायमचा रद्द होणार होता. काम पूर्ण झालं म्हटल्यावर उरलेलं काम कसं राहील?

खात्याचे प्रमुख पाक विनोतो, म्हणजे विनोतोसाहेब, स्वतः टेबलापाशी आले. केळीच्या पानात गुंडाळलेला चिकट भात आणला होता. आधी गुडघ्यांची चौकशी केली, मग नातीची. मग म्हणाले, "सही सवडीने करा बू, घाई अजिबात नाही. आज संध्याकाळपर्यंत झाली तरी चालेल."

बू नुरहास्ती हो म्हणाल्या. त्या नेहमीच म्हणायच्या.

फाइलला लोकांच्या मतांची यादी जोडलेली होती. दोनशे बारा जणांना विचारलं होतं, 'वाट चांगली आहे ना?' दोनशे नऊ जण म्हणाले, चांगली आहे. उरलेले तिघे घरी नव्हते. नुरहास्तींना यात खटकण्यासारखं काही दिसलं नाही. त्यांनी स्वतः ती वाट पाहिली होती, दोनदा, नातीला घेऊन, रविवारी सकाळी. रविवारी नऊ वाजेपर्यंत कारखान्याजवळचा बाजाररस्ता गाड्यांना बंद असतो. पोरं सायकली फिरवतात, तरुण जोडपी फोटो काढतात, कोपऱ्यावर नारळपाणी मिळतं. छानच होती की वाट!

दुपारी त्या कार्यालयाच्या फाटकापाशी गेल्या. म्बाह कार्सिनेम, म्हणजे कार्सिनेम आजी, पाच दिवसांनी आली होती. सदुसष्ट वर्षांची ही म्हातारी चाळीस वर्षं सायकलवर बाटल्या लादून औषधी काढे विकते. हळद-चिंचेचा काढा पोटासाठी, आल्याचा सर्दीसाठी. नुरहास्ती रोज एक पेला घ्यायच्या. आज म्हातारीचं कोपर फडक्याने बांधलेलं होतं आणि बाटल्या निम्म्याच होत्या. विचारल्यावर कळलं की कारखान्याच्या वळणावर वाळूच्या ट्रकने तिला चारीत ढकललं. ट्रक थांबला नाही. सून म्हणते, आता पुरे, घरी बसा.

"आणि मला घरी बसायचं नाही," म्हातारी म्हणाली. "त्या चुलीपुढे बसले की मी सहा महिन्यांत मरेन."

नुरहास्ती गोंधळल्या. त्या वळणावर तर आपली वाट आहे, म्हातारी ट्रकच्या रस्त्यावर गेलीच कशाला? मग एकदम आठवलं, यादीत कार्सिनेम हे नाव होतं. अंगठा होता. पुढे लिहिलं होतं, चांगली.

"म्बाह, तुम्हीच सांगितलंत ना वाट चांगली आहे म्हणून?"

म्हातारी कानकोंडी झाली. म्हणाली, कॉलेजातली एक मुलगी आली होती, घामाने निथळत, कुठून कुठून चालत. रविवार होता, रस्त्यावर एक गाडी नव्हती. इतक्या गोड आवाजात तिने विचारलं, चांगली आहे ना? आता दारात आलेल्या पोरीला काय नाही म्हणायचं?

नुरहास्तींना राग आला. दमलेल्या माणसाला येतो तसला, बारीक आणि चुकीच्या माणसावर निघणारा. "मग आता भोगा," त्या म्हणाल्या. "तुम्ही हो म्हणालात, आज ती फाइल माझ्या सहीने बंद होणार. पूलही गेला. आम्ही तरी काय करायचं?"

म्हातारीने पेला विसळला, पुसला आणि उपडा ठेवला.

"खरं आहे बू. मी हो म्हटलं, माझं कोपर फुटलं. तुम्ही हो म्हणाल तेव्हा कुणाचं फुटेल?"

म्हातारीने मग आवाज खाली आणून सांगितलं की उद्या पहिंग आहे. आमचा बाजार आठवड्याच्या वाराने चालत नाही, तो पाच दिवसांच्या जुन्या चक्राने भरतो, आणि पहिंगला सगळ्यात मोठा असतो. उद्या पहाटे माझ्या घरापासून माझ्याबरोबर चला, ती म्हणाली. सायकल मी हातात धरीन, तुम्ही नुसतं चाला. मग सही करा, मी काही बोलणार नाही.

त्या संध्याकाळी नुरहास्तींनी सही केली नाही. पाक विनोतोंना निरोप धाडला की गुडघा फार दुखतोय, उद्या बघते. म्हणजे तिथेही नाही म्हणाल्या नाहीतच.

पहाटेच्या नमाजानंतर दोघी निघाल्या. कालव्याच्या बांधावर विटांची वाट होती, दोन्ही बाजूंना भाताची रोपं, एकजण बदकांचा कळप हाकत होता. मागून पुढून बायका येत होत्या, कोणाच्या सायकलवर टेंपेचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांचे, गठ्ठे, कोणाच्या पाठीवर मिरच्या. वाट खरोखरच चांगली होती! प्रत्येक टप्प्याच्या कागदावर नुरहास्तींची सही होती आणि कामाच्या दिवशी त्यांचं पाऊल आज पहिल्यांदा तिथे पडत होतं. तासाभरात गुडघे ठणकायला लागले. दोनदा बसावं लागलं. म्हातारी सायकल धरून उभी राहायची.

कारखान्यापाशी ओढ्याच्या काठावर वाट संपली. तिथे एक देखणा हिरवा फलक होता, त्यावर बाण होता, लिहिलं होतं, 'वाट पुढे चालू'. पूल नव्हता, म्हणून पलीकडची वाट गाठायला उरला होता तोच बाजाररस्ता, रविवारी बंद असणारा, आज वाळूच्या ट्रकांचा. रस्त्याला कडा नव्हती, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला ट्रक. पाठोपाठ, भरलेले.

तिथे बायका थांबल्या होत्या. नुरहास्तींना वाटलं, दम खातायत. मग लक्षात आलं, त्या जमत होत्या. सात-आठ जणी झाल्या की एकदम निघायचं, अशी रीत पडली होती. आणि निघायच्या आधी त्या न बोलता रांग लावत होत्या. तरण्या भिंतीच्या बाजूला, म्हाताऱ्या ट्रकच्या बाजूला. बांधलेल्या हाताची म्बाह कार्सिनेम सगळ्यांत बाहेर जाऊन उभी राहिली.

"हे असं का?" नुरहास्तींनी विचारलं.

"आमचं जगून झालंय," म्हातारी म्हणाली. "पोरींची लेकरं लहान आहेत."

नुरहास्तींनी रांगेकडे पाहिलं. छप्पन वर्षांच्या त्या, म्हणजे म्हातारीखालोखाल त्यांचंच वय. कोणी त्यांना काही सांगितलं नाही, साहेबीणबाईंना कोण सांगणार? सगळ्यांनी भिंतीकडे त्यांच्यासाठी जागाही केली होती. पण त्या बाहेर येऊन म्हातारीच्या मागे उभ्या राहिल्या.

तीनशे सहा पावलं. त्यांनी मोजली, कारण मोजलं नसतं तर त्या पळाल्या असत्या. ट्रक इतक्या जवळून गेला की कपडे ओढले गेले, तोंडात वाळू गेली. पलीकडे पोचल्यावर कोणी सुटकेचा श्वाससुद्धा टाकला नाही. बायका सायकलींवर बसल्या आणि बाजाराला लागल्या. रोजचंच होतं ते. नुरहास्ती मात्र एका दगडावर बसल्या आणि रडल्या. त्यांना गुडघ्याचं रडू आलं नव्हतं. त्यांना लाज वाटली होती, एकोणतीस वर्षांची.

धुळीच्या चपलांनीच त्या कार्यालयात गेल्या. पाक विनोतोंनी चहा मागवला.

"पाक, सही होणार नाही," त्या म्हणाल्या. "वाट सलग नाही."

पाक विनोतो हसले. आमच्याकडे साहेब ओरडत नाही, हसतो, आणि ते हसू ओरडण्यापेक्षा वाईट. "दमलात तुम्ही बू. उद्या बोलू."

"दमले आहे. पण उद्याही होणार नाही."

मग नुरहास्तींनी आणखी एक गोष्ट सांगितली. लोकांना पुन्हा विचारा. पहिंगच्या दिवशी विचारा, त्या वळणावर उभं राहून विचारा. आणि 'चांगली आहे ना' असं विचारू नका, त्याला आमचे लोक हो म्हणूनच उत्तर देतात. विचारा, 'भीती कुठे वाटते?'

फाइलवर त्यांनी लिहिलं, 'तीनशे सहा पावलं तुटलेली आहेत. स्वतः चालून मोजली.' आणि त्याखाली सही केली.

सोमवारची फीत कापली गेली नाही. त्याच आठवड्यात बू नुरहास्तींची बदली जुन्या कागदपत्रांच्या खोलीत झाली. निरोपाचा समारंभ झाला, सगळे गोड बोलले. पण त्यांच्या त्या शेऱ्याचं उत्तर दिल्याशिवाय फाइल बंद होत नव्हती, म्हणून पुढच्या पहिंगला पाक विनोतोंना स्वतःच त्या वळणावर जावं लागलं. पहाटेच्या उजेडात त्यांनी बायकांना वयाप्रमाणे रांग लावताना पाहिलं. मग म्बाह कार्सिनेमजवळ जाऊन, कागदावर लिहून आणलेला प्रश्न त्यांनी वाचला. म्बाह, तुम्हाला भीती कुठे वाटते?

म्हातारीने आयुष्यात साहेबाला असं काही सांगितलं नव्हतं. तिने खाली पाहिलं, पदराशी चाळा केला.

"इथे, पाक," ती म्हणाली. "रोज."

मागच्या बायकाही मग एकेक करून बोलल्या. इथे. इथेच. पाक विनोतोंनी सगळ्यांची नावं स्वतः लिहून घेतली, आणि नंतर ट्रक थांबवायला रस्त्यात उभे राहिले. पुलाचं काम पाऊस ओसरल्यावर सुरू झालं. दोन सायकली जातील एवढाच रुंद आहे तो.

नागरिकहो, रस्ता असो, शाळा असो की दवाखाना, मौजेच्या दिवशी जाऊन पाहू नका. ज्याला तिथून रोज जायचंय, त्याच्या दिवशी, त्याच्याबरोबर जा. आणि कोणी हो म्हटलं म्हणून सुटका मानू नका, आधी बघा, नाही म्हणायला तुम्ही त्याला जागा ठेवली होती का. आपण भिडेपोटी हो म्हणतो तेव्हा वाटतं, कुणाचं काय बिघडलं? बिघडतं. आपलं हो संपतं तिथून कोणीतरी ट्रकच्या बाजूने चालायला लागतं.