बुरणुसाखालचा पत्रा

लोकर लाटून केलेला लाल-काळा बुरणूस, त्यावर मेंढ्याच्या शिंगांची नक्षी.

धुलाईयंत्राची एक बाजू. यंत्राची मोटार केव्हाच जळालेली.

टण्. टण्. टण्. ढप्.

भंगारवाला शुक्रवारी येतो म्हणाला होता.

सोमवारी सकाळी हे सगळं सैकालच्या अंगणात एकत्र आलं. मधोमध त्यांची जुनी जीप उभी होती. शेजारचा मुकाश वेल्डर तिच्याखाली आडवा होऊन हातोडीने सांगाडा ठोकत होता आणि सैकाल प्रत्येक ठोक्याला श्वास रोखत होती. जीप भंगारात गेली, तर यंदा डोंगरावरच्या कुरणात जाणं नाही. घोड्या दुसऱ्याच्या हवाली करायच्या, आणि अख्खा उन्हाळा गावातली धूळ खात बसायचं.

"जाऊ दे गं," तिचा नवरा झुमाबाय म्हणाला. "ब्रेक दाबायला गेलो तर पाय रस्त्यावर टेकतो."

"मग काय झालं? तुमचे पाय नाहीतरी कुठे एका जागी असतात?"

मुकाश खालून हसला. "वहिनी, सांगाडा जिवंत आहे. टण् म्हणजे जिवंत, ढप् म्हणजे मेलेला. मागच्या स्प्रिंगच्या पाट्याजवळ एकच जागा मेलीय. तिथे मात्र वेल्डिंगच हवं, ते माझ्याकडे. आता आतला पत्रा बघू."

तो जीपमध्ये चढला आणि पायाखालचा बुरणूस ओढू लागला. बुरणूस सुटेना. सुटला तेव्हा पाणी गळलं आणि खालून तपकिरी पापुद्रे निघाले. एका भोकातून अंगणातली कोंबडी दिसली.

"हे कुणी अंथरलं?"

सैकालने तोंड उघडलं. झुमाबाय पटकन म्हणाला, "मी."

"तुम्ही? दादा, तुम्हाला सुईत दोरा ओवता येत नाही." मुकाशने बुरणूस पिळला. "अख्खं गाव हेच करतं. घरात अंथरतो तसं गाडीत अंथरायचं. बुटांचा बर्फ, रस्त्यावरचं मीठ, सांडलेलं घोडीचं दूध, सगळं हा पितो आणि वर्षभर पत्र्याला पाजतो."

बुरणूस सैकालनेच अंथरला होता. आणि इतकी वर्षं ती गंजासाठी रस्त्याला शिव्या देत होती.

"शुक्रवारपर्यंत होईल?" तिने विचारलं.

"तुम्ही घासलंत तर."

तिने घासलं. तारेचा ब्रश, नंतर पॉलिश कागद. चकचकीत लोखंड लागेपर्यंत. जे खड्डे निघेनात त्यांवर गंज मारायचं आम्ल. धुलाईयंत्राच्या बाजूचे तुकडे भोकापेक्षा चारी बाजूंनी दोन-दोन बोटं मोठे कापले. झुमाबायने रिव्हेट ठोकले. पहिले चार वाकडे.

"चष्मा लावा."

"लावलाय."

"मग काढून बघा!"

सांध्यांत डांबर, वर लाल प्रायमर. चिखलाने बुजलेली पाणी जायची भोकं तिने खिळ्याने मोकळी केली. सांगाड्याच्या पोकळ पट्ट्यांत जुनं इंजिन ऑइल मात्र वेल्डिंग झाल्यावरच सोडलं, ब्रेकवर थेंब न जाऊ देता. गुरुवारी मुकाशने मेलेल्या जागेवर जाड पट्टी वेल्ड केली आणि हातोडी सैकालच्या हातात दिली.

टण्.

शुक्रवारी भंगारवाला फाटकात आला, तेव्हा ती जीपमध्ये बादलीभर पाणी ओतत होती.

"आई, गाडीला आंघोळ?" त्याने विचारलं.

"थांब जरा."

पाणी पत्र्यावर पसरलं, घुटमळलं आणि मोकळ्या केलेल्या दोन भोकांतून नेमकं खाली गेलं. बाकी कुठे थेंब नाही. झुमाबाय आत चढला, टाच आपटली, पुन्हा आपटली.

"यंत्र घेऊन जा," तो भंगारवाल्याला म्हणाला. "एक बाजू कमी आहे."

सैकालने कुंपणावर वाळलेला बुरणूस उचलला. मुकाशने कपाळावर हात मारला.

"वहिनी, परत?"

तिने बुरणुसाची कुजलेली कड कापली होती. चारी कोपऱ्यांना घोड्याच्या केसांचे फास शिवले होते.

"रोज संध्याकाळी उचलून टांगणार. हे टांगतील. दोन्ही हात रिकामे असतात त्यांचे."

रविवारी घोड्या पुढे निघाल्या आणि जीप त्यांच्या मागे चढणीला लागली.

सैकालने जीपमध्ये पहिल्यांदा बुरणूस अंथरला, त्या हिवाळ्यात झुमाबाय घोड्यावरून पडला होता आणि त्याच्या गुडघ्याला थंडी सोसत नव्हती.