गाडीत जागा उरली तर

घर हलवताना बशा खोक्यात कधी आडव्या रचू नयेत, कपाटात पुस्तकं लावतात तशा उभ्या लावाव्यात, म्हणजे रस्त्याने कितीही आदळआपट झाली तरी एकही फुटत नाही, असं साकेन सांगायचा. झानदोसने सगळ्या बशा आडव्या रचल्या. मुद्दाम. वर एक जाडजूड परातही ठेवली. मग खोक्यासमोर उकिडवा बसून तो थोडा वेळ बघत राहिला, त्याने एक शिवी हासडली, परात बाजूला काढली आणि एकेक बशी बाहेर काढून पुन्हा उभी लावली.

साकेन त्याचा थोरला भाऊ, त्याचा आगा. त्याचा स्वतःचा ट्रक होता आणि आयुष्यभर त्याने लोकांची घरं एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी मांडली, त्यामुळे त्याच्याकडे घर हलवायचे इतके नियम होते की खाणकामगारांच्या या वस्तीत लोक लग्नाचा मुहूर्त एकवेळ त्याला न विचारता काढत, पण कपाट त्याला विचारल्याशिवाय हलवत नसत. कढई, किटली, चहा आणि मीठ सगळ्यात शेवटी आत आणि सगळ्यात आधी बाहेर. जायच्या आधी नव्या घराचं दार मोजून यायचं. गिऱ्हाइकाने बांधलेली गाठ रस्त्यात सोडायची नाही. आणि गाडीत जागा उरली तर शेजाऱ्यांना विचारायचं, कारण अर्धी रिकामी गाडी नेण्यासारखं पाप नाही. या शेवटच्या नियमापायी एकदा एका नवरीचा रुखवत सासरी पोचला तो दोन अनोळखी म्हातारे, एक शिवणयंत्र आणि एक बकरी यांच्यासकट. नवरीच्या सासूने वर्षभर साकेनशी अबोला धरला होता.

गेल्या हिवाळ्यात स्टेपीच्या उघड्या माळरानातल्या रस्त्यावर बर्फाच्या वादळात साकेनची गाडी अडकली. वादळ ओसरल्यावर तो सापडला तेव्हा पुढच्या सीटवर गोठून बसलेला होता, हात काखेत घालून, आणि मागे गिऱ्हाइकाच्या रजयांची चार मोठी गाठोडी होती, जशीच्या तशी बांधलेली. तेव्हापासून झानदोसला नियम हा शब्द ऐकला तरी भिंतीवर बुक्की मारावीशी वाटे आणि बऱ्याचदा तो मारतही असे. आधीच जमिनीखालच्या खाणीच्या जुन्या बोगद्यांमुळे घर खचत चाललं होतं. रीस्ती आपा, म्हणजे त्यांची आई, स्वयंपाक करताना कांदा खाली पडला तर उचलायला जायची घाई करत नसे, कारण तो कुठून का पडेना, उतारावरून घरंगळत कोपऱ्यातल्या साकेनच्या सोफ्यापाशीच जाऊन थांबणार हे तिला ठाऊक होतं.

त्या खचण्यापायीच सगळ्या वस्तीला शहरात फ्लॅट मिळाले होते. गल्ल्या कधीच्या ओस पडल्या होत्या. आपा मात्र मागे राहिली होती, आणि हलायचं ते बुधवारीच, चांगल्या वारी, असा तिचा हट्ट होता. गेन्ना गाडी घेऊन उगवला शुक्रवारी. गेन्ना हा साकेनचा जुना जोडीदार, केस पांढरे, कंबर गेलेली, तोंड मात्र शाबूत. साकेनचा ट्रक आता तोच चालवायचा.

"बुधवारी का नाही आलात?" झानदोस म्हणाला.

"बुधवारी माझी कंबर आली नव्हती," गेन्ना म्हणाला. "चल, उचल. आणि दार मोजून आलास ना तिकडचं?"

"दार म्हणजे दार. त्यात मोजायचं काय?"

गेन्नाने आकाशाकडे बघितलं, जणू वर कुणाकडे तरी तक्रार नोंदवली.

सामान चढलं, सोफाही चढला, आणि गाडीत निम्मी जागा रिकामीच राहिली, कारण दोन माणसांचा संसार तो केवढा असणार. आपा मात्र उंबऱ्यावरच बसून राहिली.

"आपा, चल की आता."

"येते. पण त्याला पत्ता कोण सांगणार?"

कुणाला, हे झानदोसला ठाऊक होतं. दर शुक्रवारी आपा तेलात शेलपेक तळायची, पातळ गोल पोळ्या, सात, कारण तेलाचा वास गेलेल्या माणसांपर्यंत पोचतो आणि ती त्या वासावर घर शोधत येतात. साकेन इथे यायचा. आजही येणार. आणि दाराला कुलूप बघून परत जाणार. झानदोस याला नेहमी खुळचटपणा म्हणायचा, आणि दर शुक्रवारी कामावरून धावत घरी यायचा.

"अगं, मग वासच नेऊ ना तिथपर्यंत!" तो ओरडला. "इथून तिथपर्यंत अख्खा रस्ता तळत जातो मी! मग तर झालं?"

रागात बोललेलं वाक्य होतं ते. आपाने डोळे पुसले, पदराआडून एक पातेलं काढलं आणि म्हणाली, "पीठ मळून ठेवलंय."

कढई झानदोसने हट्टाने सगळ्यात खाली भरली होती. ती काढायला अर्धी गाडी रिकामी करावी लागली.

"या गाडीतून मी पियानो नेलाय," गेन्ना घाम पुसत म्हणाला, "एकदा जिवंत घोडा नेलाय. पण मागे पोळ्या तळत कुणाला नेलं नाही. अरे गाढवा, या वासाने तुझा भाऊच काय, अख्खी वस्ती उठून येईल!"

"गाडी हळू चालवा, काका. तेल हिंदकळेल."

"हळू म्हणतोय! वरात आहे का?"

पण निघाली ती वरातीसारखीच. पुढे गेन्ना आणि मांडीवर आरसा घेतलेली आपा. मागे ताडपत्री उघडी टाकून, सोफा आणि कपाट यांच्यामध्ये छोटी गॅसची शेगडी दोरीने जखडून, एका हाताने कपाट धरून दुसऱ्या हाताने पोळ्या उलटणारा झानदोस. ओस गल्ल्यांमधून धूर मागे लांबत गेला. तुटक्या खिडक्या, गवत माजलेली अंगणं. ही सगळी घरं सोडून लोक शहरातल्या फ्लॅटांत, नाहीतर मुलांकडे दूरदूर गेले होते, आणि या गल्ल्यांमध्ये कित्येक महिन्यांत कुणी तेल तापवलं नव्हतं. गावाबाहेर कबरस्तानापाशी रस्त्यात खड्डे होते म्हणून गेन्नाने गाडी आणखी हळू केली. झानदोसने तिथे जरा जास्तच धूर काढला आणि कुणी बघत नाही अशा समजुतीने हात हलवला.

मधेच त्याच्या लक्षात आलं की ताट भरत नाहीये. तो तळून तळून मागच्या ताटात टाकत होता, सात कधीच झाल्या असतील, सगळं पीठ संपत आलं होतं, आणि ताटात बघावं तर दोनच. धक्क्यांनी रस्त्यात उडाल्या असणार, तो स्वतःशी म्हणाला. की मीच खाल्ल्या? त्याने ओठांवरून जीभ फिरवली. ओठाला तेल नव्हतं, नुसतं पीठ होतं.

"काय भरलंस रे मागे?" गेन्ना पुढून ओरडला. "चढावर गाडी कण्हतेय. लोखंड भरलंस?"

शहराच्या तोंडाशी वाहतूक पोलिसाने हात केला. तरुण पोरगा होता. नाक वर करून वास घेत तो मागे आला, शेगडीकडे बघितलं, कढईकडे बघितलं, आणि तोंड उघडणार एवढ्यात झानदोसने गरम शेलपेक त्याच्यापुढे धरली. पोलिसाने ती दोन्ही हातांनी घेतली. "कबूल होवो," गेलेल्यांच्या नावाचं खाताना म्हणतात तसं तो पुटपुटला. मग टोपी काढून, छातीवर हात ठेवून, गाडीच्या आत बघत त्याने अदबीने मान लववली, घरातल्या वडीलधाऱ्यांना लववतात तशी, आणि पुढे जाऊन गेन्नाला झापलं.

"एवढ्या वयाच्या माणसांना कुणी मागे बसवतं का? लाज नाही वाटत? हळू न्या."

तो गेल्यावर गेन्ना इतका हसला की त्याला खोकला लागला. "झानदोस! म्हातारा म्हणाला रे तुला!"

झानदोसने केसांतून हात फिरवला. पीठच पीठ. पांढरेफटक झाले होते. तोही हसला, पहिल्यांदाच कितीतरी दिवसांनी, आणि हसता हसता त्याने पाठीमागे वळून बघितलं. सोफा, कपाट, रजयांचं गाठोडं. ताटात आता काहीच नव्हतं.

नवा फ्लॅट सहाव्या मजल्यावर होता. लिफ्टमध्ये किटली घेऊन झानदोस एकटा शिरला आणि लिफ्ट किंचाळायला लागली. वर लाल अक्षरांत आलं, ओझं जास्त. त्याने किटली बाहेर ठेवली. किंचाळणं चालूच. तो स्वतः बाहेर आला. रिकामी लिफ्ट ओझ्याने ओरडत राहिली, मग एकाएकी गप्प झाली, दार मिटलं आणि ती वर निघून गेली.

"नवीन बिल्डिंग, नवीन नखरे," गेन्ना म्हणाला. "चल, जिन्याने."

बाकी सगळं चढलं. सोफा दारात अडला. उभा करून बघितला, आडवा करून बघितला, पाय काढून बघितला. हा सोफा जुन्या घरात साकेनने एकट्याने नेला होता, कसा ते कुणी पाहिलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचा, प्यायलेल्या मेव्हण्याला घरात घेतात तसा, आधी एक खांदा, मग गोड बोलून दुसरा.

"गोड बोल त्याच्याशी," गेन्ना धापा टाकत म्हणाला.

"शिव्या देऊन झाल्या की बोलतो."

"दार म्हणजे दार, नाही का? आणि सोफा म्हणजे सोफा. आता लाव दोघांचं लग्न. जाऊ दे, उद्या करवत आणतो, मधून कापू."

"साकेनच्या सोफ्याला करवत लावशील, गेन्ना," आपा आतून म्हणाली, "तर तुझी कंबर मी सरळ करीन."

गेन्ना गेला. सोफा बाहेर लिफ्टसमोर पडून राहिला. झानदोस त्याच्यावर बसला. खिडकीतून संध्याकाळचं ऊन आत येत होतं आणि नव्या रंगाचा वास इतका उग्र होता की कपड्यांना लागलेला तेलाचा वासही त्याखाली दबून गेला होता.

"आलास का?" त्याने विचारलं. भाजल्या हातावर फुंकर घालत पुन्हा म्हणाला, "एवढं तळत आणलं तुला. हात भाजला माझा. तुझा एक नियम, एकच, मोडला असतास तर काय बिघडलं असतं? चार गाठोडी होती, आगा. एक सोडायचीस."

समोरचं दार उघडलं. शेजारीण, झामाल नावाची गोल चेहऱ्याची बाई, ओढणी सावरत म्हणाली, "नव्याने आलेल्यांनी पहिल्या दिवशी स्वतः शिजवायचं नसतं, मांस उकळतंय, चला. आईला घेऊन ये. आणि डोळे धू, कांदा मी चिरलाय आणि रडतोयस तू."

झानदोसने फ्लॅटला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, आणि दोघं समोर जेवायला गेली. जेवण छान होतं. आपा दोनदा हसली. नवी जमीन कशी सपाट आहे, वाटीतला चहा कसा सरळ राहतो, याचं तिने तोंडभर कौतुक केलं. निघताना झामालने घरच्यासाठी कांद्याची पिशवी आणि मूठभर पीठ बांधून दिलं.

बाहेर आली तर सोफा नव्हता.

"चोरला!" झानदोस जिन्याकडे धावला, अर्ध्या मजल्यावरून परत आला. सहा मजले उतरवून तो सोफा कोण नेणार? किल्ली खिशातच होती. त्याने कुलूप काढलं.

सोफा आत होता. भिंतीलगत, खिडकीच्या बाजूला, पाय पुन्हा बसवलेले. दाराच्या चौकटीवर ओरखडासुद्धा नव्हता. आणि रजयांचं गाठोडं, जे झानदोसने दातांनी ओढून बांधलं होतं, ते सुटलं होतं. दोरी नीट वेटोळं करून ठेवलेली होती. सगळ्या रजया सोफ्यावर पसरल्या होत्या, मांडीवरून ओढून घेतात तशा, आणि सोफ्याची बैठक या टोकापासून त्या टोकापर्यंत दबलेली होती, कुठेही जागा न उरता. एकच रजई खाली जमिनीवर होती, दाराजवळ, जिथे घरातला धाकटा माणूस थोरल्यांना चहा ओतायला बसतो. तिच्या मधोमध छोटा खळगा पडला होता.

झानदोसने त्या खळग्याकडे बघितलं. मग त्याने सोफ्याकडे बघितलं.

"आपा," तो हळूच म्हणाला, "त्याने शेजाऱ्यांना विचारलं."

आपाने पदर सारखा केला. "बसा, बसा," ती सोफ्याकडे बघून म्हणाली, कुणी उठायला लागल्यावर म्हणतात तसं. बाहेर लिफ्ट वर येऊन थांबली आणि किंचाळायला लागली.

"झानदोस," आपा म्हणाली, "एवढं पीठ पुरायचं नाही."

तो पिशवी ठेवायला खाली वाकला. एक कांदा बाहेर पडला, क्षणभर जागच्या जागी डुलला, आणि नव्या सपाट जमिनीवरून सावकाश सोफ्याकडे निघाला.