लोकरीला विटाळ नसतो

खोपटात चुलीवरच्या टोपाचं झाकण खडखडलं. गुणानं झाकण बाजूला सारलं आणि उसवलेल्या लाल लोकरीची लड वाफेवर धरली. धाग्यातले वळसे हळूहळू सैल पडू लागले आणि वास वर आला. गोमूत्राचा, ओल्या लोकरीचा, दोन्हींचा मिळून. तिनं तोंड फिरवलं, पण हात मागे घेतला नाही.

"आये, घाण येते," यमू म्हणाली.

"येते तर बाहेर बस."

यमू गेली नाही. उरलेल्या लोकरीचा गुंडा मांडीत घेऊन बसली. तो गुंडा तिचा होता. उरेल त्याची तुझ्या पोरीला टोपी कर, असं पाटलांच्या ताराबाईंनीच सांगितलं होतं.

शहापूरच्या दवाखान्यात झाडलोट करताना गुणा एका नर्सबाईकडून विणायला शिकली होती. ताराबाईंना ते कळलं तेव्हा त्या ओटीवरून म्हणाल्या होत्या, "लोकरीला विटाळ नसतो गो, म्हणून तर तुझ्याकडं देते." त्यांच्या मधूचं माप मात्र तिला घेऊ दिलं नाही. त्यांनीच पोराच्या छातीभोवती सुतळी धरली आणि वरून अंगणात टाकली. डोकं नि काख सुतळीत नव्हती. ती मापं गुणानं यमूवरून धरली. दोघं एकाच पावसाळ्यातली.

आज सकाळी ताराबाईंनी ओटीवर मधूला स्वेटर चढवला. काखा आवळल्या, हात वरच राहिले, डोकं गळ्यात अडकलं.

"सूटर विणलास का मासे धरायची खोइन?" त्या ओढतच होत्या.

"ओढू नका बाई. डावी बाही आधी सोडवा," यमूचा हात धरून गुणा खालून सांगत होती.

लोकरीच्या आत मधू रडत होता. मग रडणंही थांबलं. गुणानं यमूचा हात कधी सोडला, पायरी कधी चढली, तिचं तिलाच कळलं नाही. डाव्या खांद्याची शिवण तिनं दातांनी तोडली. पोराचं लालबुंद तोंड बाहेर आलं. त्यानं श्वास घेतला आणि समोर होती तिच्याच गळ्याला मिठी मारली.

ताराबाईंनी त्याला तिच्या अंगावरून सोलून काढल्यासारखं काढलं. अंगणात उभा करून रात्रभर बाहेर राहिलेल्या हंड्यातलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं. पोराचे दात वाजत होते. मग गोमूत्र शिंपडलं. पोरावर, पायरीवर. स्वेटरवरसुद्धा. काठीच्या टोकावर तो खाली आला.

"म्हशाच्या जत्रेआधी नीट करून दे. आनि परत वर चढायचं नाय."

येताना गुणा दातांत राहिलेली लोकर वाटभर थुंकत आली होती.

लड सरळ झाली. गळ्याचे टाके तिनं सैल हातानं पुन्हा उचलले, डावा खांदा बटणांसाठी उघडाच ठेवला. आता सुतळी लागणार नव्हती. सकाळी मधूचं डोकं तिच्या तळहातात होतं, आणि तळहात ते विसरत नव्हता. काखांत मात्र ढिलाईसाठी जादा तुकडे, कळ्या, घालायला हव्या होत्या. त्याला उसवलेली लोकर पुरणार नव्हती.

तिनं यमूपुढं हात केला. यमूनं गुंडा पोटाशी धरला, मग दिला.

"टोपी?"

"बघू फुडं."

दोन्ही कळ्या बसेपर्यंत गुंड्याचा सुपारीएवढा गोळा उरला. गुणानं स्वेटर यमूच्या अंगावर चढवला, काखेत बोटं घालून पाहिली, गळ्यात मूठ फिरवली. ढिला होता. हवा तेवढा. बोटं नाकाशी नेली आणि लगेच खाली घेतली. चुलीतली राख घेऊन ती हात घासत बसली. एकदा धुतले, पुन्हा राख घेतली.

यमू बाह्या कुरवाळत होती.

"आये, सूटर थंडी वाजू नये म्हनून घालतात ना?"

"हां."

"मंग मधूवर थंड पानी कशापायी ओतलं?"