स्टीरिओतली शिट्टी

पाटीवर काही का लिहिलेलं असेना, सगळे त्याला कानसेनचं दुकान म्हणत. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला काचवाला आणि मधे एक गाडी जेमतेम शिरेल एवढी जागा. तिथे हा माणूस तीस वर्षं लोकांच्या गाड्यांत स्टीरिओ बसवत आला होता. बसवणारे काय, पैशाला पासरी मिळतात. पण बसवल्यावर जे खरखरतं, घुमतं, शिट्टी मारतं, त्याचं मूळ नुसतं ऐकून सांगणारा हा एकटाच. एकदा त्याच्या मेव्हण्याने, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने, गाडीच्या दाराच्या पोटात मुद्दाम एक नट टाकून गाडी आणली होती. ती दुकानाकडे वळतानाच कानसेन म्हणाला, "मागचं डावं दार. नट आहे, काढून आण." मेव्हणा महिनाभर ती गोष्ट स्वतःच सांगत फिरला.

आता त्या कानांचं काय झालं ते ऐका. दोन महिन्यांपूर्वी बायको म्हणाली, "अहो, फ्रिजचं दार लावा की, केव्हाचा टिवटिवतोय." हा फ्रिजशेजारीच उभा होता. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो कुणाला न सांगता कानाच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने कागदावरची रेघ दाखवली. अर्ध्यापर्यंत ती नीट चालली होती आणि मग जिन्यावरून पडावी तशी खाली आली होती. बोलणं ऐकू येईल, बारीक आणि उंच आवाज गेले, ते परत येणार नाहीत. यंत्र लावलंत तर गप्पांना उपयोगी पडेल, तुमच्या कामाला नाही. असलं काही ऐकवताना डॉक्टर निदान जरा चाचरतात तरी. हा डॉक्टर तेवढंही चाचरला नाही. कानसेनने तो कागद दुकानात फ्यूजच्या खोक्याखाली दडवला. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण त्या दिवसापासून एकच धाकधूक होती, की शिट्टी मारणारी गाडी कधी दारात येते.

ती आली मेव्हण्याचीच.

"भाऊजी, मागच्या महिन्यात नवा स्टीरिओ बसवून दिलात ना? शिट्टी मारतोय हो. गाडी रेस केली की बारीक सूंऽऽ. तुमच्या हातचं काम आणि असं?"

"कर बघू रेस."

मेव्हण्याने पाय दाबला. कानसेनने खिडकीतून डोकं आत घातलं. इंजिन ऐकू आलं, बाकी काही नाही. इकडे आड, तिकडे विहीर. येतोय म्हणावं तर तो शोधायचा कशाने? येत नाही म्हणावं आणि आवाज असला, तर तीस वर्षांची अब्रू इथेच रस्त्यावर.

"येतोय की," तो म्हणाला. "कान किटले माझे."

मेव्हणा त्याच्याकडे टकामका बघत राहिला, मग ओठ दाबून हसला. कानसेनला वाटलं, आपल्या कामाला हसतोय. त्याने मुकाट्याने पाना उचलला.

कान नसले तरी रीत होती. शिट्टी कुठून शिरते ते एकेक तार काढत गेलं की सापडतंच. त्याने स्टीरिओचा आवाज शून्यावर नेला. "आता?"

"आहे."

सीटखालच्या ॲम्प्लिफायरला जाणाऱ्या गाण्याच्या तारा उपटल्या. "आता?"

"आहे की."

म्हणजे बिघाड ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगचा. अर्थिंग तपासलं, मीटर म्हणाला सगळं ठीक. तरी त्याने जुना स्क्रू काढून पत्रा घासला आणि नव्या जागी घट्ट आवळला. "आता?"

"थोडी वाढली, भाऊजी."

कानसेनला घाम फुटला. असं होऊच शकत नव्हतं. मीटर एक सांगत होता, मेव्हणा दुसरंच सांगत होता, आणि तिसरा साक्षीदार, ज्याच्यावर त्याने जन्मभर भरवसा टाकला होता, तो गप्प होता. दुपारपर्यंत निम्मा डॅशबोर्ड मागच्या सीटवर पडला होता. शेवटी त्याने चारही स्पीकरच्या तारा काढल्या. आता गाडीत वाजायला काही उरलंच नव्हतं.

"आता?"

"आता पण येतोय!" मेव्हणा म्हणाला आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून खदखदा हसायला लागला. "पुरे भाऊजी, पाया पडतो तुमच्या! शिट्टी नव्हतीच हो. म्हटलं तुमची जरा फिरकी घ्यावी, तर तुम्ही माझीच घेतलीत. कान किटले काय, घाम काय! गाडी सोलून ठेवलीत, पण चेहऱ्यावरची रेष हलली नाही!"

कानसेन हातात वायर घेऊन उभा राहिला. नसलेल्या आवाजापायी तो तीन तास घाम गाळत होता. लाजेने कानशिलं तापली. आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की मेव्हण्याला काहीच कळलेलं नाही. त्याच्या जिवात जीव आला.

"मग?" तो म्हणाला. "मला काय दुधखुळा समजलास?"

मेव्हणा लगेच टायरवाल्याकडे पळाला, आपण कसे फसलो ते साभिनय सांगायला. कानसेनने भराभर सगळं परत जोडायला घेतलं. किती दिवसांनी तो काम करताना गुणगुणत होता. त्या खुशीत आणि घाईत त्याने बॅटरीची जाड तार आणि गाण्याच्या बारीक तारा एकाच बाजूने गालिच्याखाली सारल्या. त्या दोन्ही कधी शेजारी न्यायच्या नाहीत, हे त्याने आजवर शेकडो जणांना बजावलं असेल.

मेव्हण्याने येऊन गाडी चालू केली, रेस केली आणि पुन्हा हसला.

"भाऊजी, आता बास की! ही कशी काढलीत?"

"काय?"

"ही शिट्टी. मघाशी नव्हती, आता मस्त वाजतेय. कसं केलंत सांगा ना."

कानसेनने ऐकलं. इंजिन होतं, टायरवाल्याचा हवेचा पंप होता, मेव्हण्याचं बोलणं तर शब्दन् शब्द होतं. त्याने गालिच्याकडे पाहिलं आणि आपण काय करून बसलो ते त्याला समजलं. शिट्टी खरी होती. तारा वेगळ्या केल्या की ती जाईल, हेही त्याला ठाऊक होतं. पण गेली हे त्याला कोण सांगणार? आज मेव्हणा सांगेल. उद्याच्या गिऱ्हाइकाला काय विचारायचं? आणखी एक थाप मारता आली असती, ती ओठांवर आलीही होती. पण तो फार थकला होता. दार उघडून तो मेव्हण्याशेजारी बसला.

"हळूहळू रेस कर," तो म्हणाला, "आणि मला सांग, मोठी आहे का? कुठल्या बाजूने येतेय?"

मेव्हणा हसायला लागला आणि मधेच थांबला. त्याचा पाय आपोआप सुटला.

"भाऊजी?"

"खरंच विचारतोय रे," कानसेन म्हणाला. "मला नाही येत ऐकू."

बाहेर टायरवाला ती फजितीची गोष्ट काचवाल्याला सांगत होता, आणि दोघंही हसत होते.