एका टोपलीचा भाव

मित्रांनो, सन १९५८ मधली ही गोष्ट. शिमगा नुकताच सरला होता. मालवणच्या उत्तरेला, खाडीपलीकडच्या आमच्या लहानशा वाडीत त्या दिवशी जे घडले, ते आज कोणाला आठवत असेल असे मला वाटत नाही. मला मात्र सारे आठवते. मी एक जुनी टोपली आहे. बांबूच्या कामट्यांची माझी वीण, वर वेताचा काठ. एका बाजूने आता माझ्या कामट्या मोडल्या आहेत आणि तळाला कोणीतरी चिंधी शिवली आहे.

मला विणले ते एका म्हाताऱ्या बुरुडाने. त्याने माझ्यासाठी जून बांबू निवडला आणि काठ इतका घट्ट बांधला, की गुणाजी तांडेलाने मला हातात घेताच म्हटले, "ही दगा देवची नाय." गुणाजी हा आमच्या वाडीच्या रापणीचा प्रमुख. रापण म्हणजे समुद्रात लांबवर सोडून किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचे मोठे जाळे. ते ओढायला सारी वाडी लागते आणि जो दोराला हात लावतो त्याला मासळीचा वाटा मिळतो. माणसे कमी असली तर जाळे हलत नाही, पण फार झाली तरी मासळी वाढत नाही, नुसते वाटे लहान होतात. हे गुणाजी जाणून होता. तरीही दोराला लागलेला हात त्याने कधी झिडकारला नाही.

वाळूवर लिलाव होई तो माझ्या मापाने. "टोपलेक काय देतास?" असे गुणाजी ओरडे आणि व्यापारी बोली लावत. त्यामुळे मी फार मानाची होते. पण एक गोष्ट मला लहानपणी कळत नसे. माझ्यात मावणारे बांगडे नेहमी सारखेच. मग सकाळी माझ्यासाठी माणसे भांडत आणि दुपारी त्याच बांगड्यांकडे कोणी ढुंकूनही का पाहत नसे? मला वाटे, माझेच काही चुकले. पुढे उमजले की भाव माझ्यात नसतोच. किनाऱ्यावर किती मासळी आली आणि ती घ्यायला किती जण उभे राहिले, या दोहोंच्या मध्ये कुठेतरी तो असतो. मासळीला थांबता येत नाही. ऊन चढले की विकणारा नरमतो आणि घेणारा हसत उभा राहतो.

लिलाव संपला की मी आनंदीबाईच्या घरी जाई. तिचा नवरा रामचंद्र रापणीचा जुना गडी होता. तो वारल्यावरही रापणीने त्याच्या नावाचा अर्धा वाटा चालू ठेवला होता. तो आमच्याकडचा रिवाजच. त्यावर आणि मला डोक्यावर घेऊन मासळी विकण्यावर तिचे घर चाले. घरात दुसरी होती तिची एकुलती मुलगी, सुगंधा. ती सातवीत शिकत होती. सातवीची फायनल पास झाली म्हणजे शिक्षिकेची नोकरी मिळू शकते, असे मास्तरांनी आनंदीबाईला सांगितले होते. त्या दिवसापासून तिने मुलीच्या डोक्यावर मला कधी ठेवले नाही.

आणि नेमक्या फायनलच्या दिवशी बांगडा आला.

मित्रांनो, तसा बांगडा मी पुन्हा पाहिला नाही. शिमग्यानंतर खरे तर मासळी ओसरते. पण त्या पहाटे समुद्र किनाऱ्याजवळ काळा दिसू लागला आणि रापण ओढताना दोर तुटतात की काय असे झाले. वाळूवर चांदीचे ढीग पडले. पहिल्या काही टोपल्यांना बरा भाव आला. मग व्यापारी एकमेकांकडे पाहून गप्प झाले. सूर्य कासराभर वर येईपर्यंत माझा भाव इतका घसरला, की गुणाजीने ओरडणेच थांबवले. माडांच्या मुळात खत म्हणून पुरायला लोक बांगडे नेऊ लागले.

पण एक वस्तू मात्र त्याच वेळी महाग होत होती. ती म्हणजे मीठ. बांगडा खारवला तर तो थांबू शकतो. आदल्या वर्षी मासळी बेताची होती, त्यामुळे कुडाळच्या बाजारात खाऱ्या बांगड्याला कधी नव्हे तो भाव मिळाला होता. तो कोणीच विसरले नव्हते. सारी वाडी मिठासाठी धावली आणि दुकानातले मीठ बघता बघता संपले. आनंदीबाईच्या घरी मात्र एक भरलेले पोते होते. पावसाळ्याची बेगमी म्हणून तिने ते आधीच आणून ठेवले होते.

तिचा धाकटा दीर दत्ताराम धावत आला. तो मनाने वाईट नव्हता. ओल्या अंगानेच दारात उभा राहून तो म्हणाला, "वयनी, चेडवाक खंय धाडतास? हयसर हात कमी आसत. दोघा मिळान पोताभर मिठाचे बांगडे लावल्यात तर पावसाआधी घराक नवी झापा पडतली."

"परीक्षा आसा तिची," आनंदीबाई म्हणाली.

"परीक्षा पुढल्या वर्साक परत येतली. असो बांगडो येवचो नाय."

आनंदीबाईने सुगंधाकडे पाहिले. ती वेणी घालून, तांब्याभर पाणी पिऊन तयार उभी होती, पण तिची नजर आमच्या छपराकडे गेली होती. माडाच्या पात्यांच्या विणलेल्या झापांमधून ऊन आत येत होते. जिथून ऊन येते तिथून पाऊसही येतो, हे त्या पोरीला कळत होते.

"आये, मी रवतंय," ती हळूच म्हणाली.

"तू तोंड बंद कर आणि तरीकडे चल," आनंदीबाई म्हणाली. मग दिराकडे वळून तिने शांतपणे सांगितले, "बांगडो येतलो, भावोजी. पुढल्या वर्साक नाय तर त्याच्या पुढल्या. पण चेडू एकदा ह्या टोपलेक लागला, मगे ता शाळेत परत जाता काय? तुमीच सांगा."

दत्ताराम वळून किनाऱ्याकडे गेला. सुगंधा तरीच्या होडीतून खाडीपार मालवणला गेली.

आनंदीबाई एकटीच बांगडे चिरायला बसली. पण दोन हातांनी काय होणार? निम्मे मीठ तसेच पडून राहिले. शेजारच्या यमुनाबाईकडे सगळे याच्या उलट होते. घरात दोन सुना, पण चिमूटभर मीठ नाही. ती आली ती कंबरेवर हात ठेवूनच.

"गो आनंदी, मीठ दी गो. काय मागशीत ता देतंय."

"पैशे नको माका. मीठ माजा, हात तुजे. बांगडे अर्धेलीन."

आमच्याकडे शेत, गाय, माड अर्धेलीने देतात. एकाची वस्तू, दुसऱ्याचे कष्ट आणि आलेले निम्मेनिम्मे. पण मीठ अर्धेलीने दिलेले कोणी ऐकले नव्हते.

"मीठ अर्धेलीन?" यमुनाबाई म्हणाली. "मगे माजो घोव पण ने अर्धेलीन. घरात नुसतो बसान आसा."

"तो तुज्याकडेच रवांदे. तेका मीठ लावन सुकत घाल."

सौदा ठरला आणि उरलेले मीठ यमुनाबाईकडे गेले. त्या दिवशी आनंदीबाई हसली ती तेवढीच. तरीही तिच्या वाट्यातले कितीतरी बांगडे चिरायचे राहिले. संध्याकाळी ते माझ्यातूनच माडांच्या मुळाशी गेले. मी त्या दिवशी तिच्या कंबरेवर होते. एरवी ती मला रिकामी करी तेव्हा झटकून टाकी. त्या दिवशी तिने एकेक बांगडा हाताने उचलून खड्ड्यात ठेवला.

तुम्हांला वाटेल, पुढे तिला याचे फळ लगेच मिळाले असेल. तसे झाले नाही. पावसाआधी आम्ही बैलगाडीने कुडाळच्या बाजाराला गेलो, तर तिथे नजर जाईल तिथे खारे बांगडे. आदल्या वर्षीचा भाव मनात धरून साऱ्या किनाऱ्याने एकच काम केले होते. सर्वांनी मिळून तो भाव पाडला आणि मग सर्वच जण एकमेकांकडे रागाने पाहत बसले. ज्यांनी जास्त खारवले होते त्यांना थोडे तरी मिळाले. आनंदीबाईच्या हाती झापांपुरतेही आले नाही.

तो पावसाळा कठीण गेला. घरात तांदूळ कमी आणि कुळथाची पिठी जास्त. छप्पर गळत होते. मला उलटी करून कोरड्या कोपऱ्यात कोंबड्या झाकल्या होत्या आणि तोच कोपरा सुगंधाच्या निजण्याचा होता. आनंदीबाई भिंतीशी बसून राही. शाळेची फी फारशी नव्हती. पण शाळेची खरी किंमत काय, ते मी त्या पावसात शिकले. एखादी गोष्ट मिळवताना आपण जे हातचे सोडतो, तीच तिची खरी किंमत असते. बाजारात ती कोणी ओरडून सांगत नाही.

मग एके दिवशी उघडीप होती तेव्हा दत्ताराम मालवणहून आला. तो दारातूनच ओरडला, "वयनी! चेडू पास झाला!"

आनंदीबाईने नुसते डोळ्यांना पदर लावला. दत्ताराम परत गेला आणि थोड्या वेळाने आपल्या मांगराची, म्हणजे जाळी-सामान ठेवायच्या खोपीची, झापे खांद्यावर घेऊन आला. न विचारता छपरावर चढला.

"भावोजी, तुमच्या मांगराक काय घालशात?"

"मांगराक बघूया. बांगडो परत येतलो मा, तुमीच म्हणालास," तो वरून म्हणाला.

पुढे काळ बदलला. किलोची वजने आली, काटा आला आणि लिलावातला माझा मान गेला. बर्फ आला. ज्याच्याकडे बर्फ त्याला थांबता येऊ लागले आणि ज्याला थांबता येते त्याचाच भाव चालतो. मग यंत्राच्या होड्या आल्या. गुणाजीची रापण मांगरात पडून कुजली आणि त्यानंतरच्या दोन पावसांत तोही गेला. दत्ताराम दुसऱ्याच्या यंत्रहोडीवर पगारी खलाशी झाला. वाटा नाही, पगार. यमुनाबाई सुनांबरोबर मुंबईला गेली. नवऱ्याला मात्र कोणाला अर्धेलीने न देता सोबत घेऊन गेली. आनंदीबाईने मुलीचा पहिला पगार हातात घेतला, घराला कौले घातली आणि सन १९६४ मध्ये त्याच कौलांखाली डोळे मिटले.

सुगंधा देवगडकडच्या मिठबाव गावी शिक्षिका झाली. येताना तिने मला सोबत आणले. इथे माझ्यात शाळेचे खडू आणि फळा पुसायची फडकी असतात.

यंदा, सातवीच्या परीक्षेच्या सकाळी, इथेही बांगडा आला. मुले देवगडच्या गाडीपाशी जमली, पण पार्वती नावाची मुलगी आली नाही. बाईंनी माझ्यातले खडू टेबलावर ओतले, मला कंबरेवर घेतले आणि त्या किनाऱ्यावर गेल्या. पार्वती आईबरोबर बांगडे चिरत होती. आईने मान वर करून म्हटले, "बाई, आज नको. आज हात होये."

 सुगंधाबाईंनी पदर खोचला, पार्वतीच्या हातातली सुरी घेतली आणि तिच्या जागी वाळूत बसल्या.

"जा गो," त्या म्हणाल्या, "गाडी चुकात."

पार्वती धावत सुटली. ती पुढे पास झाली की नाही, ते मला अजून कळलेले नाही. मी त्या दिवशी सूर्य बुडेपर्यंत भरत होते आणि रिकामी होत होते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू जाळायला कोणी घेतल्या तर तुम्ही त्याला जरा थांबवा. आणि तुमच्या दप्तराची, वहीची, शाळेतल्या एका दिवसाचीही किंमत कधी कराल, तेव्हा दुकानातला भाव विचारू नका. त्यासाठी घरात कोणाचे हात कमी पडले असतील, ते बघा.